पुरुषांच्या फायनलला चार बायका

मंदाताई,

मॅच झाली. तू कधी ‘कोण जिंकलं’ असं विचारायची नाहीस. आमच्यापैकी कोणी मॅच करून आलं की तुझा पहिला प्रश्न ठरलेला, वाद किती झाले? तर एक झाला. मोठा झाला. तो सांगतेच, पण आधी बाकीचं बोलायचंय. तू गेल्याला आज अकरा दिवस झाले आणि या अकरा दिवसांत मी कोणाशी धड बोललेच नाहीये. नवरा विचारतो, ठीक आहेस ना. मी हो म्हणते आणि कपडे वाळत घालायला जाते.

आपली पहिली भेट भांडणातच झालेली. कल्याणला मुलींची बेसबॉलची मॅच होती. तू प्लेटमागे, बॅटर आणि कॅचरच्या पाठीशी, अंपायर होतीस आणि मी स्कोअरर. कॉलेजात मी कॅचर होते, मग गुडघा गेला आणि खेळ सुटला. मैदान सुटत नव्हतं म्हणून टेबलामागे वही घेऊन बसायचे. बॅटरच्या टप्प्याबाहेरून गेलेले चेंडू मोजून तू ‘दोन बॉल’ म्हणालीस आणि माझ्या वहीत तीन होते. स्कोअररने गप्प बसायचं असतं. मी उभी राहून ओरडले, तीन झालेत. सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. तू टेबलापाशी आलीस, माझी वही बघितलीस, मनात सगळे चेंडू पुन्हा मोजलेस आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलंस, तीन बॉल, माझी चूक. मॅच संपल्यावर माझ्याकडे आलीस. मला वाटलं, आता ओरडा खाणार.

“एवढं नीट दिसतंय तर खुर्चीत कनाला बसलीस?” तू कोळी बोलीत म्हणालीस.

मी गुडघ्याचं सांगितलं. तू म्हणालीस, अंपायरला पळायचं नसतं, वेळेत पोचायचं असतं. रविवारी सकाळी कोलशेतला ये.

मी तेव्हा चौतीस वर्षांची. डोंबिवलीत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम, घरी सासू-सासरे, एक मुलगी. रविवारी सकाळी सहाला मी बूट घालताना सासूबाईंनी विचारलं, कुठे निघालीस. मी सांगितलं, अंपायर व्हायला. बहुतेक त्यांना वाटलं, पार्लरसारखा काहीतरी कोर्स असेल.

कोलशेतचं ते खाडीजवळचं मैदान, एका बाजूला कंपनीची भिंत, दुसऱ्या बाजूला सुकत घातलेली मासळी. तू तिथलीच, कोळीवाड्यात जन्मलेली. महापालिकेच्या शाळेत पीटी शिकवत उभं आयुष्य काढलंस. आम्ही पाच-सहा जणी असायचो. मला वाटलेलं पहिल्या दिवशी नियम सांगशील. पहिले तीन रविवार तू मला फक्त बॉल बघायला शिकवलंस. मला राग आलेला. अगं, मी कॅचर होते, मला काय बॉल बघायला शिकवतेस? तू शांतपणे म्हणालीस, कॅचर बॉल पकडायला बघतो, अंपायर बॉल संपेपर्यंत बघतो.

टेनिसच्या चेंडूंवर तू मार्करने आकडे लिहिलेले. मी प्लेटमागे गुडघ्यात वाकून उभी, डोक्यावर शाळेतली वाळूची पिशवी. चेंडू यायचा आणि मी त्यावरचा आकडा सांगायचा. फक्त डोळे फिरले पाहिजेत, डोकं नाही. पिशवी पडली की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या दिवशी ती बावीस वेळा पडली. तू मोजत होतीस आणि दर वेळी नवा आकडा ऐकवत होतीस, अगदी प्रेमाने. आकडा दिसायला लागला तेव्हा म्हणालीस, आता घाई सोड. चेंडू ग्लव्हमध्ये गेला की मनात ‘एक’ म्हण, मग तोंड उघड. ते ‘एक’ म्हणायला मला सहा महिने लागले. माझं तोंड आधी उघडायचं आणि डोळे मागून यायचे.

आणि तो ओढणीचा रविवार. फर्स्ट बेसवर धावणारी आधी पोचली की चेंडू, हे डोळ्यांनी ठरत नाही. डोळे बेसवर ठेवायचे, कान फील्डरच्या ग्लव्हवर. हे तू शंभरदा सांगितलंस आणि मला कळेना, तेव्हा माझीच ओढणी माझ्या डोळ्यांवर बांधलीस. एक जण पळायची, दुसरी चेंडू फेकायची, आणि आधी काय वाजलं ते मी सांगायचं, बेसवर पडलेला पाय की ग्लव्हमध्ये शिरलेला चेंडू. अर्धा तास मला एकच आवाज येत होता. मग एकदा अचानक ते दोन झाले. टप, आणि त्याच्या मागे फट्. मी किंचाळले, सेफ! तू ओढणी सोडलीस आणि पाठीवर एक थाप मारलीस. त्या दिवशी घरी जाताना रस्त्यावरचा प्रत्येक आवाज मला वेगळा ऐकू येत होता. रिक्षा वेगळी, तिचा हॉर्न वेगळा, भाजीवाल्याचा तराजू वेगळा. चौतिसाव्या वर्षी कोणीतरी मला कान दिले. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

भांडणारा कोच कसा हाताळायचा तेही तू करून दाखवायचीस. तू कोच, मी अंपायर. हात पाठीमागे, बोट दाखवायचं नाही, त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यायचं, मग एक वाक्य, आणि बाजूला व्हायचं. एवढं सोपं. पण तू अंगावर यायचीस ती थेट कोळीवाड्यातल्या भांडणासारखी, पदर खोचल्याच्या आवेशात. शाळेतली बाई कुठच्या कुठे पळून जायची. मला हसू फुटायचं आणि मी नापास व्हायचे. परीक्षेची नियमावली इंग्रजीत होती म्हणून तू ती आमच्यासाठी दोनशे पानी वहीत मराठीत उतरवलीस. तिच्यात एका कठीण नियमाखाली तू लिहिलंय, ‘हा नियम मलाही दुसऱ्या वर्षी कळला, रडू नये.’

आता कल्याणची गोष्ट. ती टाळून पुढे जाता येणार नाही.

मला अंपायर होऊन तीन वर्षं झालेली. मुलींची कॉलेजांची फायनल. मी प्लेटमागे, तू मैदानाच्या मध्ये, बेसवर. शेवटची इनिंग. थर्ड बेसवरून एक मुलगी घसरत होमला, म्हणजे प्लेटवर आली, कॅचरने चेंडू तिच्या अंगाला लावून टॅग केलं, मी मूठ उचलून ‘आउट’ दिलं. मनात ‘एक’ म्हटलं नाही. माझ्यासमोर कॅचरची पाठ होती आणि पाठीपलीकडचं मला दिसलं नव्हतं. त्या मुलीच्या कोचने हात जोडले, मॅडम, तुमच्या जोडीदाराला विचारा. मी नाही म्हटलं. माझ्या डोक्यात एकच होतं, बाई आहे म्हणून विचारायला सांगतोय. विचारलं तर म्हणतील, हिला काही येत नाही. तू लांब उभी होतीस, काही बोलली नाहीस. मॅच तिथेच संपली.

बाहेर चहाच्या टपरीवर तू सांगितलंस, चेंडू खाली पडलेला, ती सेफ होती. कॅचरने नंतर उचलून दाखवला.

मी म्हटलं, “मग बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस?”

नियम मला पाठ होता. दुसऱ्या अंपायरच्या निर्णयात आपण पडायचं नाही, त्याने विचारलं तरच सांगायचं. तरी मी तुझ्यावर भडकले. म्हटलं, पहिल्या भेटीत मी खुर्चीतून ओरडले तेव्हा तू माझं ऐकलंस, आणि आज नियम दाखवतेस? तू म्हणालीस, मोजणी चुकली तर कोणीही सांगावं. नजर चुकली तर ज्याची नजर त्यानेच विचारावं. आपण चहा तसाच टाकून निघालो.

दुसऱ्या रविवारी तू मला कोलशेतला बोलावलं नाहीस, खडवलीला चल म्हणालीस. ती मुलगी तिथे राहायची. प्रणाली. घरात तिची आई होती, तिने आपल्याला पाट दिले, पाणी दिलं. मी प्रणालीला सांगितलं, मला दिसलं नव्हतं आणि मी विचारलं नाही, चूक माझी. तुझ्याकडे वळून तिने विचारलं, तुम्हाला दिसलेलं? तू हो म्हणालीस. मग? तू तिला तो नियम समजावलास. ती पोरगी सरळ म्हणाली, असला कसला नियम. मला इतका आनंद झाला, ताई! तुला तोंडावर असं कोणी बोलत नसे. तू म्हणालीस, आधी शीक, मग बोल. आणि पुढच्या रविवारी ती खडवलीहून कोलशेतला हजर.

त्यानंतर आपण दोघी या एकाच विषयावर किती वर्षं भांडलो. फोनवर, तुझ्या घरी जेवताना, एकदा तर कोणाच्या तरी हळदीत. माझं म्हणणं, नियमासाठी एका पोरीची फायनल गेली. तू नुसतं माझ्याकडे चालत जरी आली असतीस तरी मला कळलं असतं. तुझं म्हणणं, मी आले असते तर त्या दिवशीची मॅच वाचली असती आणि तू अंपायर म्हणून संपली असतीस, जन्मभर माझ्याकडे बघून हात उचलला असतास. मला ते पटलं नाही. शेवटच्या महिन्यात डायलिसिसच्या खुर्चीवरही तू डोळे मिटून म्हणालीस, “मी सगळा वेळ तुझ्याकडेच बघत होते गं. एकदा वळली असतीस तर.” मी विषय बदलला. तेवढं एक मी चुकीचं केलं.

पुरुषांच्या फायनलचं पत्र आलं तेही त्या खुर्चीवरच. जिल्हा संघटनेचे सचिव, सज्जन माणूस, दर वर्षी तुला म्हणायचे, ताई, तुमच्या मुली उत्तम आहेत, पण पुरुषांची फायनल आहे, शिवीगाळ होते. तू म्हणायचीस, शिव्या आम्हाला नव्या नाहीत साहेब, कोळीवाड्यात या एकदा. आणि दर वर्षी चार बायकांची नावं लिहून द्यायचीस. दर वर्षी ती यादी परत यायची. तू ना चिडलीस, ना थांबलीस. या वर्षी पत्रात तीच चार नावं छापून आली. मी तुला वाचून दाखवलं. तू नावं तीनदा वाचायला लावलीस, आणि लगेच कामाला लागलीस. म्हणालीस, प्लेटवर तू. फर्स्टला प्रणाली, तिचा कान चांगला आहे. बाकी दोघी सेकंड-थर्डला. आणि मी बघायला येणार, मला सावलीत खुर्ची ठेवा.

मॅच रविवारी होती. तू बुधवारी गेलीस.

सचिवांचा फोन आला, पुढे ढकलू का? मी हो म्हणून टाकलं. मला उभं राहवत नव्हतं, प्लेटमागे वाकणार कशी? प्रणाली माझ्या शेजारीच होती, तुझ्या अंगणात. तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, सर, मॅच रविवारीच. मग मला म्हणाली, “ताईंनी चार नावं द्यायला इतकी वर्षं घातली. आपण नाही गेलो तर ते दुसरी चार घालतील.” चोवीस वर्षांची पोरगी. मी डोळे पुसले आणि घरी जाऊन बुटांना पॉलिश केलं.

तर ऐक. कल्याणचं मैदान, सकाळी दहा. कल्याणची टीम आणि ठाण्याची टीम. सावलीत खुर्ची ठेवायला कोणीतरी निघालं होतं, मी नको म्हटलं. मला ती रिकामी बघायची नव्हती. पहिले दोन-चार चेंडू माझा आवाज फाटला. मग तिसऱ्या बॅटरला एक चेंडू आत वळून आला, मी तो ग्लव्हमध्ये संपेपर्यंत बघितला, ‘एक’ म्हटलं आणि ‘स्ट्राइक’ दिला. तो आवाज असा गेला, ताई, की कुंपणाबाहेर रिक्षावाले वळून बघायला लागले. तिथून पुढे सहा इनिंग एकही शब्द नाही. प्रेक्षकांत एकाने सुरुवातीला काहीतरी घाण बोलून बघितलं. त्याला दुसऱ्याच कोणीतरी गप्प केलं.

शेवटची इनिंग. चार-चार. कल्याणची बॅटिंग, दोन आउट, थर्डवर माणूस. बॅटरने जमिनीवरून चेंडू मारला, मधल्या फील्डरने, शॉर्टस्टॉपने, उचलून फर्स्टला फेकला. थ्रो जरा वाकडा गेला, फर्स्टवाल्या फील्डरने ताणून पकडला. प्रणालीने मूठ उचलली. आउट. तिसरा आउट, म्हणून थर्डवाल्याची रन गेली, मॅच पुढे चालू राहणार.

आणि मी बघितलेलं, ताई. होमवरून ती रेघ सरळ दिसते. चेंडू हातात आला तेव्हा पाय बेसवर टेकलेला लागतो, फर्स्टवाल्याचा चार बोटं वर होता. प्रणाली होती तिथून तो त्याच्याच दुसऱ्या पायाआड गेला होता.

मला तोंड उघडता येत नव्हतं. निर्णय तिचा. तिने विचारलं तरच. मी मुखवटा काढला आणि तिच्याकडे बघत उभी राहिले. कल्याणचा कोच धावत येत होता, लोक उठले होते, आणि मी फक्त तिच्याकडे बघत होते. पाच सेकंद असतील. तेवढ्यात मला कळलं की त्या दिवशी मैदानाच्या मध्ये तू कशी उभी होतीस. तू गप्प नव्हतीसच. तू मला बोलावत होतीस, जेवढं बोलावता येतं तेवढं.

प्रणाली वळली. तिने हात वर करून कोचला थांबवलं आणि चालत माझ्याकडे आली. पळत नाही, चालत. टोपी तोंडाशी धरून म्हणाली, “मॅडम, मला पाय दिसला नाही. तुम्हाला काय दिसलं?”

“वर होता. चार बोटं.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग मी बदलते.”

ती परत फर्स्टला गेली, होती त्याच जागी उभी राहिली आणि एकटीने दोन्ही हात पसरले. सेफ. थर्डवरचा माणूस तोवर होम ओलांडून गेलेला. रन धरली. मॅच संपली, कल्याण जिंकलं.

ठाण्याचा कोच तिच्याकडे सुटला. मी मध्ये जाऊन उभी राहिले, हात पाठीमागे. तो बोलला, दोन बायकांनी मिळून मॅच ठरवली, घरचं राज्य आहे का, अजून बरंच. मी पूर्ण होऊ दिलं. मग एक वाक्य, की निर्णय बदलायचा अधिकार तिचा होता, तिने मला विचारलं आणि मी बघितलं ते सांगितलं. आणि बाजूला झाले. मला हसू आलं नाही, ताई. पहिल्यांदाच पास झाले. त्याची अख्खी टीम ओरडत होती, एक सोडून. तो फर्स्टवाला बेसवर खाली मान घालून बसलेला. कोचने त्याच्याकडे बघितलं आणि जाऊन स्कोअरच्या कागदावर सही केली.

सचिव शेवटी आले. वाटलं, भाषण करतील. त्यांनी हळूच विचारलं, क्लास अजून कोलशेतलाच असतो का, माझ्या सुनेला यायचंय. आम्ही चौघी मैदानाबाहेर येईपर्यंत कशाबशा गंभीर राहिलो. बाहेर आल्यावर एकमेकींना मिठ्या मारून रडलो आणि मग वडापाव खाल्ले, दोन-दोन.

आपल्या भांडणाचं म्हणशील तर मी अर्धंच मान्य करते. त्या दिवशी विचारायचं मी होतं, हे पूर्ण मान्य. पण ज्यांना विचारायची भीती वाटते त्यांना ‘विचार’ म्हणून शिकवायला लागतं, आणि ते तुझ्या वहीत कुठेच नव्हतं. आता आहे. कोरं पान होतं त्यावर मी लिहिलं, खाली प्रणालीने सही केली. तुला पटलं नसतं. तू आणखी दोन वर्षं भांडली असतीस, आणि मला ती दोन वर्षं हवी होती.

काल तुझं दहावं झालं. लोक पांगल्यावर मी तुझ्या आईपाशी ओटीवर बसले. तुझी आई ऐंशीच्या पुढची, आयुष्यभर मासळी विकली, एक मॅच कधी बघितली नाही. म्हणाली, आमची मंदा मैदानान काय करायची ते मना कवा समजलाच नाय. पोरा धावतान आन ही मधी उबी.

मग मी तिला सगळी फायनल सांगितली. ताटली झाली होम, तिची चप्पल झाली फर्स्ट बेस, सुपारीचा डबा थर्डवरचा माणूस. चेंडू कुठे गेला, थ्रो कसा वाकडा आला, फर्स्टवाल्याने कसा ताणून पकडला, पाय कसा चपलेवरून चार बोटं वर राहिला, सगळं. ती पुढे झुकून बघत होती. कोच भांडायला आला इथवर मी पोचले आणि तिने मला हाताने थांबवलं.

“पाय उचलला ना त्यानी? मंग सेफच. त्यान भांडायचा काय?”

ताई, घरात एवढी अंपायर बसलेली, आणि तू तिला एकदाही मैदानावर आणलं नाहीस.